फिनिश वाक्यात काळ कुठे बसतो?

‘राकेन्नान तालोआ’ आणि ‘राकेन्नान तालोन’. फिनिश भाषेतली ही दोन छोटी वाक्यं. दोन्हींत क्रियापद एकच, ‘राकेन्नान’, म्हणजे ‘मी बांधतो’. दोन्हींत ‘तालो’ म्हणजे घर. फरक काय तो घराच्या शेवटच्या अक्षरात. पहिल्या वाक्याचा अर्थ, मी घर बांधतो आहे. पाया खणून झाला असेल, भिंती अर्ध्यावर आल्या असतील, पैसे संपत आले असतील. दुसऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा असा होतो, की मी घर बांधीन आणि पुरं बांधीन. वर्तमान आणि भविष्य यांची हद्द इथे क्रियापदात नाही, घरात आहे.

काळ ही क्रियापदाची मालमत्ता, असं आपण शाळेत शिकतो. ‘तो जातो’, ‘तो गेला’, ‘तो जाईल’ अशी तीन खणांची फडताळं करून परीक्षेला बसतो. फिनिश शिकायला घेतली, की हे फडताळ पहिल्याच आठवड्यात मोडतं. या भाषेत क्रियापदाचे काळ चार: वर्तमान, साधा भूत, ‘केलं आहे’सारखा आणि ‘केलं होतं’सारखा. भविष्यकाळ नाहीच. उलट नामाच्या विभक्त्या मात्र पंधरा. काळ सांगण्याचं जे काम आपण क्रियापदाकडून करून घेतो, त्यातलं बरंचसं या भाषेने विभक्त्यांवर सोपवलं आहे, आणि त्यातही मुख्यतः ‘आत’, ‘वर’, ‘पासून’, ‘कडे’ असं ठिकाण सांगणाऱ्या प्रत्ययांवर.

फिनिशचं कुळ उरल पर्वताच्या नावाने ओळखलं जातं. एस्टोनियन तिची जवळची नातलग, हंगेरियन फार लांबची. मराठी, इंग्रजी, रशियन ज्या इंडो-युरोपीय घराण्यातल्या, त्याच्याशी तिचा रक्ताचा संबंध नाही. बोलणारे पन्नास लाखांच्या आसपास. छापील फिनिश सुरू झाली ती 1543 साली मिकाएल आग्रिकोला यांच्या अंकलिपीवजा पुस्तकापासून, आणि त्याच आग्रिकोलांचा नवा करार 1548 चा. म्हणजे साहित्याची भाषा म्हणून ती आपल्या मराठीहून बरीच धाकटी. (या लेखात फिनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत, जोडाक्षरं सावकाश उच्चारावीत आणि आघात नेहमी पहिल्या अक्षरावर द्यावा. एवढं केलं तरी हेलसिंकीतला माणूस समजून घेईल.)

आता त्या घराकडे परत जाऊ. ‘तालोआ’मधला शेवटचा ‘आ’ ही अंशवाचक विभक्ती. फार जुन्या काळी हिचा अर्थ ‘पासून’ किंवा ‘तून’ असा होता. काही गोठलेल्या शब्दांत तो अजून दिसतो: ‘कोतोआ’ म्हणजे घरून, ‘काउका’ म्हणजे लांबून. ‘घरातून’वरून ‘घरातलं थोडंसं’ हा अर्थ आला, आणि ‘घरातलं थोडंसं बांधतो’ म्हणजेच बांधकाम चालू आहे, हा अर्थ त्यातून आपोआप निघाला. ‘तालोन’ या पूर्णवाचक रूपात मात्र घर सबंध आहे. सबंध घर या क्षणात बांधून होत नाही, तेव्हा ते पुढे कधीतरी होणार. भविष्यकाळ असा मागच्या दाराने येतो.

व्याकरणाच्या वर्गात यासाठी अस्वलाचं उदाहरण ठरलेलं असतं. ‘आम्मुइन कार्हुन’, मी अस्वलाला गोळी घातली आणि ते मेलं. ‘आम्मुइन कार्हुआ’, मी अस्वलावर गोळी झाडली. पुढे काय झालं ते वाक्य सांगत नाही. दुसऱ्या वाक्यातल्या शिकाऱ्याने पळायची तयारी ठेवलेली बरी.

दूध, पाणी, पैसा अशा मोजमाप नसलेल्या वस्तूंनाही हाच नियम. थोडं दूध प्यायलो तर दूध अंशवाचकात, भांडं रिकामं केलं तर पूर्णवाचकात. वाक्य नकारार्थी झालं, की कर्म बिनशर्त अंशवाचकात जातं. जे झालंच नाही ते पूर्ण कसं होणार? वाट पाहणं, भिणं, द्वेष करणं या क्रियापदांचं कर्मही सदैव अंशवाचक. प्रेमाचंही तसंच. ‘राकास्तान सिनुआ’, माझं तुझ्यावर प्रेम आहे, यातला ‘तू’ व्याकरणाच्या हिशेबाने कधीच पुरा होत नाही. यावर फिनिश मास्तर वर्गात काहीबाही विनोद करतात, ते सोडून देऊ. पण नियम सरळसोट नाही हेही खरं. पाहणं, ओळखणं, मालकी असणं ही क्रियापदं पूर्णवाचक कर्म घेतात आणि तरी वर्तमानातच राहतात. ‘मला घर दिसतं’ या वाक्यातलं घर सबंध असतं, आणि ते आत्ताच दिसत असतं.

मराठीला हा भेद नवा नाही, आपण तो दुसरीकडे ठेवतो एवढंच. ‘पुस्तक वाचलं’ आणि ‘पुस्तक वाचून काढलं’ यांत तोच फरक आहे. ‘खाऊन टाकलं’, ‘लिहून झालं’, ‘उरकून घेतलं’ अशी दुसऱ्या क्रियापदाची जोड देऊन आपण काम तडीला गेल्याचं सांगतो. फिनिश माणूस क्रियापदाला हात न लावता कर्माचा प्रत्यय बदलतो.

पण ज्या क्रियेला कर्मच नाही तिचं काय? ‘मेनेन’ म्हणजे ‘मी जातो’ आणि ‘मी जाईन’ही. इथे विभक्ती मदतीला येत नाही, म्हणून ‘उद्या’, ‘संध्याकाळी’, ‘पुढच्या वर्षी’ असा शब्द लागतो, नाहीतर प्रसंगावरून ओळखायचं. या ठिकाणी मराठीशी एक गमतीदार उलटापालट दिसते. आपला ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो. ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांत दिवस मागचा की पुढचा, हे क्रियापदावरून कळतं. फिनिशमध्ये क्रियापद गप्प असतं, म्हणून दिवसाच्या नावाला बोलावं लागतं: पुढचा परवा ‘यूलिहुओमेन्ना’, मागचा ‘तोइस्सापॅइवॅनॅ’. जिथे एक मोघम राहतं तिथे दुसरं नेमकं होतं.

भविष्यासाठी आडवाटेच्या रचना आहेत. बायबलच्या जुन्या भाषांतरात ‘तू मरणारा आहेस’ या धर्तीची एक रचना येते. आज ती गंभीर किंवा थट्टेच्या सुरातच शोभते. दुसरी ‘तुलेए तेकेमॅॅन’, शब्दशः ‘करण्यात येतो’, म्हणजे करील. हिच्यावर स्वीडिश वळणाचा ठपका ठेवून भाषाशुद्धीवाल्यांनी तिला बराच काळ दारात उभं केलं होतं. आज ती वापरात रुळली आहे, पण साध्या वर्तमानाने भागत असेल तर चांगला लेखक तिच्या वाटेला जात नाही.

भविष्यकाळ नसलेल्या भाषा म्हटलं, की अलीकडे एका अर्थशास्त्रज्ञाचं नाव हटकून निघतं. कीथ चेन यांनी 2013 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये मांडलं, की ज्यांच्या भाषेत उद्याविषयी बोलताना वेगळा काळ वापरावा लागत नाही, ते लोक जास्त बचत करतात. फिनिश, जर्मन, चिनी या भाषा त्यांनी अशा गटात धरल्या. कोणत्याही वर्षी बचत केलेली असण्याची शक्यता या गटात 31 टक्क्यांनी अधिक, असा त्यांचा आकडा होता. उद्या हा आजसारखाच बोलला गेला, की तो जवळचा वाटतो आणि माणूस त्याची तजवीज करतो, असा तर्क. वृत्तपत्रांना ही गोष्ट फार आवडली. पण भाषा या एकमेकींपासून सुट्या नसतात. शेजारच्या किंवा एका कुळातल्या भाषांचे लोक व्याकरणाबरोबर चालीरीतीही वाटून घेतात, मग बचतीचं श्रेय कोणाला द्यायचं? 2015 मध्ये शॉन रॉबर्ट्स, जेम्स विंटर्स आणि स्वतः चेन यांनी मिळून भाषांची नातीगोती हिशेबात धरली, तेव्हा सर्वांत कडक कसोटीत तो संबंध टिकला नाही. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाची अशी तपासणी करायला बसणं, हे मला मूळ निष्कर्षापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. आणि फिनिशपुरतं बोलायचं तर ‘या भाषेत उद्या आणि आज सारखेच’ हे म्हणणं मुळात अर्धवट आहे. तो भेद फिनिश माणूस करतोच. संशोधकाने क्रियापदात शोधला, तो कर्मात होता.

आता वेळ सांगणाऱ्या शब्दांकडे वळू. परकी माणसं फिनिश शिकताना इथे सर्वांत जास्त दमतात. मराठी माणसाने दमायचं कारण नाही, निदान सुरुवातीला तरी.

‘सोमवारी’ म्हणजे ‘मानान्ताइना’. यातला ‘ना’ हा प्रत्यय उरल कुळातला अतिशय जुना. मूळ अर्थ ‘ठिकाणी’. आज ठिकाण सांगायला तो सहसा वापरत नाहीत, पण काही शब्दांत टिकून आहे. ‘कोतोना’ म्हणजे घरी, ‘उल्कोना’ म्हणजे बाहेर. आता मराठीकडे पाहा. ‘घरी’, ‘दारी’, ‘सकाळी’, ‘सोमवारी’ यांतली ‘ई’ ही आपली जुनी सप्तमी. आज नव्या शब्दांना आपण ती लावत नाही, ‘ऑफिसी गेलो’ म्हणत नाही. पण घराला आणि वाराला ती चिकटून बसली आहे. एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या दोन भाषांनी जुना प्रत्यय नेमका त्याच दोन जागी जपून ठेवला. महिन्यांचं पाहावं तर ‘जानेवारीत’ला ‘ताम्मिकूस्सा’. ‘स्सा’ हा नवा, ‘आत’ अर्थाचा प्रत्यय, आपल्या ‘त’सारखा. ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘ताम्मिकूस्सा’ म्हणजे जानेवारीत.

इथून पुढे मात्र फिनिश आपल्याला सोडून स्वतःच्या वाटेने जाते. ऋतू आणि दिवसाचे प्रहर ‘आत’ नसतात, ‘वर’ असतात. उन्हाळ्यात म्हणजे ‘केसॅल्लॅ’, शब्दशः उन्हाळ्यावर. सकाळी म्हणजे ‘आमुल्ला’, सकाळवर. पण त्या ऋतूला विशेषण लागलं, की तो ‘वर’वरून खाली उतरतो आणि जुन्या ‘ना’कडे जातो: गेल्या उन्हाळ्यात ‘वीमे केसॅनॅ’, पुढच्या हिवाळ्यात ‘एन्सि ताल्वेना’. नुसती सकाळ ‘आमुल्ला’, सोमवारची सकाळ ‘मानान्ताइआमुना’. आठवडा मात्र विशेषण लागो न लागो, ‘वर’च राहतो. आणि फिनलंडमध्ये आठवड्यांना क्रमांक असतात. शाळांची हिवाळी स्कीइंगची सुटी आठव्या, नवव्या किंवा दहाव्या आठवड्यात, प्रदेश पाहून, अशी वाटून दिलेली असते. ‘आपण नवव्या आठवड्यावर भेटू’ हे तिथलं साधं कामकाजी वाक्य आहे. फेब्रुवारीची तारीख कोणी काढत बसत नाही.

घड्याळाची वेळ तर ‘वरून’च्या विभक्तीत. ‘काहदेल्ता’, शब्दशः ‘दोनवरून’, म्हणजे दोन वाजता. त्यातही ‘पुओलि काक्सि’, म्हणजे ‘अर्धा दोन’, हे साडेदोन नव्हे, दीड. साडेदोन समजून गेलेला पाहुणा तासभर उशिरा पोहोचतो. मोजणी अशी, की दुसरा तास अर्धा झाला. मराठी माणसाने याचं नवल करू नये. आपला ‘अडीच’ हा ‘अर्धतृतीय’चा, म्हणजे अर्ध्या झालेल्या तिसऱ्याचा वंशज आहे, आणि औटकीचा पाढा घोकलेल्या पिढीचा ‘औट’, साडेतीन, हा अर्ध्या चौथ्याचा.

कालावधी सांगायला लागलो, की ठिकाणाच्या प्रत्ययांचं हे राज्य पुरतं दिसतं. दोन आठवड्यांसाठी जायचं असेल तर आठवड्यांना ‘होणे, बनणे’ अर्थाची ‘क्सि’ विभक्ती. दोन आठवड्यांनी परतायचं असेल तर दोन आठवड्यांच्या ‘टोकापासून’. आणि ‘मी त्याला दोन आठवड्यांत पाहिलं नाही’ यात आठवडे ‘च्या आत शिरण्या’च्या विभक्तीत जातात, जणू नकार त्या काळात जात राहिला. लहानपणी म्हणायचं असेल तर ‘लाप्सेना’, मूल या शब्दाला तोच जुना ‘ना’. मूल असण्याची अवस्था हेच तिथे ठिकाण, आणि तीच वेळ.

या सगळ्यात माझ्या आवडीची जोडी म्हणजे ‘दोन वर्षं’ आणि ‘दोन वर्षांत’. ‘राकेन्सिन तालोआ काक्सि वुओत्ता’: मी दोन वर्षं घर बांधत होतो. ‘राकेन्सिन तालोन काहदेस्सा वुओदेस्सा’: मी दोन वर्षांत घर बांधलं. घर अर्धं असेल तर वर्षं ‘आत’च्या विभक्तीत जाणार नाहीत, घर पुरं असेल तर ती जायलाच हवीत. कर्माचा प्रत्यय आणि काळाचा प्रत्यय एकमेकांवर पहारा ठेवतात. मराठीतही ‘दोन वर्षांत घर बांधत होतो’ म्हटलं, की कान अडखळतो.

1957 साली झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने हीच कसोटी वापरून क्रियांची वर्गवारी केली. जी क्रिया ‘तासभर’ चालते ती एका जातीची, जी ‘तासाभरात’ होते ती दुसऱ्या. आधुनिक भाषाशास्त्रात काळ आणि क्रियेची पूर्णता यांवर कोणीही लिहायला बसलं, की वेंडलर येतातच. पण ही कसोटी त्यांच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी पाणिनीने लिहून ठेवली होती. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात लागोपाठ दोन सूत्रं आहेत. पहिलं सांगतं, क्रियेने काळाचा पट्टा सलग व्यापला तर कालवाचक शब्दाला द्वितीया. दुसरं सांगतं, क्रिया फळाला पोहोचून संपली, ज्याला तिथे ‘अपवर्ग’ म्हटलं आहे, तर तृतीया. महिनाभर पाठ घोकला आणि आला नाही, तर महिना द्वितीयेत. महिन्यात पाठ तयार झाला, तर महिना तृतीयेत. फिनिशमधलं ‘काक्सि वुओत्ता’ आणि ‘काहदेस्सा वुओदेस्सा’ यांतलं अंतर अगदी हेच आहे.

आणि हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर असल्याचं उदाहरणही आहे. पॉल किपार्स्की हे हेलसिंकीत जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ. फिनिश अंशवाचक विभक्ती आणि क्रियेची पूर्णता यांच्या नात्यावर त्यांचा 1998 चा निबंध या विषयातला आधारभूत मानला जातो. क्रियेला टोक आहे की नाही, आणि वस्तूला मर्यादा आहे की नाही, हे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत, असं त्यांचं म्हणणं. दुधाचं आणि घराचं व्याकरण सारखं का, ते यातून उलगडतं. हेच किपार्स्की पाणिनीचेही मोठे अभ्यासक. पाणिनीच्या पर्यायी नियमांवरचा त्यांचा ग्रंथ 1979 साली निघाला तो पुणे विद्यापीठ आणि अमेरिकेतलं एमआयटी यांच्या प्रकाशनांतर्फे, आणि त्याचे संपादक होते पुण्याच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राचे पंडित एस. डी. जोशी.

भूतकाळाबद्दल थोडक्यात. त्याची खूण म्हणजे एक ‘इ’. ‘सानोन’ मी म्हणतो, ‘सानोइन’ मी म्हणालो. ज्या क्रियापदांच्या मुळातच ‘इ’ आहे त्यांची पंचाईत होते. ‘एत्सिन’ म्हणजे मी शोधतो, आणि मी शोधलं हेही. ‘ओपिन’ म्हणजे शिकतो आणि शिकलो. शेजारी ‘काल’ ठेवल्याशिवाय अशा वाक्याचा काळ कळत नाही. पुढचे दोन काळ ‘असणे’ या क्रियापदाने बनतात: ‘ओलेन लुकेनुत’ मी वाचलं आहे, ‘ओलिन लुकेनुत’ मी वाचलं होतं. इंग्रजीत इथे मालकीचं क्रियापद लागतं. फिनिशला मालकीचं असं रोजचं क्रियापद नाहीच. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ असंच ती म्हणते. त्यामुळे हे दोन काळ मराठी माणूस इंग्रजीची आठवण न काढता शिकला, तर अर्ध्या वेळात शिकतो. तत्त्वज्ञ हान्स राइखेनबाख यांनी 1947 मध्ये या काळांसाठी तीन बिंदूंची रीत सुचवली: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. ‘वाचलं आहे’मध्ये आपण आजच्या पायरीवर उभे असतो, ‘वाचलं होतं’मध्ये कालच्या कुठल्यातरी पायरीवर. फिनिश माणूस सकाळी खिडकीतून ओला रस्ता पाहून ‘ओन सातानुत’ म्हणतो, पाऊस पडलेला आहे. पडताना त्याने पाहिलेला नसतो. पाहिला असता तर त्याने बहुधा साधा भूतकाळ वापरला असता.

नकाराची गोष्ट मात्र रेंगाळण्यासारखी आहे. फिनिशमध्ये ‘नाही’ हे क्रियापद आहे आणि ते पुरुषाप्रमाणे चालतं: एन, एत, एइ, एम्मे, एत्ते, एइवॅत. म्हणजे मी नाही, तू नाहीस, तो नाही आणि पुढे. मूळ क्रियापद बिचारं उघडं राहतं, पुरुषाचे प्रत्यय सगळे नकाराला. युरोपातल्या बहुतेक शिकणाऱ्यांना हे अजब वाटतं. आपण मात्र जन्मापासून ‘जात नाहीस’, ‘जात नाहीत’ म्हणत आलो आहोत, आणि आपण नकार चालवतो हे आपल्या लक्षातही येत नाही.

फिनिश याच्यापुढे एक पाऊल जाते आणि उभयान्वयी अव्ययालाच नकारात मिसळते. ‘एत्ता’सारख्या उच्चाराचा ‘की’ आणि ‘एन’ मिळून ‘एत्तेन’. ‘सानोइन, एत्तेन तुले’, मी म्हणालो की मी येणार नाही. दोन अक्षरी ‘एत्तेन’मध्ये ‘की’, ‘मी’ आणि ‘नाही’ तिघंही बसले. त्याचप्रमाणे ‘जर मी नाही’ला ‘एल्लेन’ आणि ‘आणि मी नाही’ला ‘एन्कॅ’. शब्द जोडणाऱ्या शब्दाला पुरुष असावा, ही कल्पनाच मला पहिल्यांदा वाचताना थोडी उद्धट वाटली होती.

जोडणाऱ्या शब्दांतल्या दोन जोड्या इंग्रजीतून फिनिश शिकणाऱ्यांना छळतात आणि मराठीतून शिकणाऱ्यांना फुकट मिळतात. पहिली ‘ताइ’ आणि ‘वाइ’. दोघांचा अर्थ पर्याय. ‘चहा किंवा कॉफी काही घेणार का?’ यातला ‘किंवा’ म्हणजे ‘ताइ’, आणि ‘चहा घेणार की कॉफी?’ यातला ‘की’ म्हणजे ‘वाइ’. पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही, दुसऱ्याचं चहा किंवा कॉफी. दुसरी जोडी ‘मुत्ता’ आणि ‘वान’. ‘मुत्ता’ म्हणजे साधा पण. ‘वान’ म्हणजे नकारानंतर येणारा दुरुस्तीचा ‘तर’: ‘आज नव्हे, तर उद्या’. तिथे ‘मुत्ता’ घातलं तर शिक्षक लाल रेघ मारतात. ‘जर-तर’ची जोडीही आहे, ‘योस’ आणि ‘नीन’. फरक एवढाच, की त्यांचा ‘तर’ गाळला तरी चालतो.

‘सित्तेन’ या शब्दापासून मात्र सावध राहावं. एकटा आला तर ‘मग’. कालावधीच्या मागे आला तर ‘पूर्वी’: दोन तासांपूर्वी म्हणजे ‘काक्सि तुन्तिआ सित्तेन’. आणि काळाच्या आधी आला तर ‘पासून’. तीन अर्थ, तीन दिशा, आणि फरक फक्त जागेचा. ‘कोस्का’चंही तसंच, तो ‘कारण’ आहे आणि प्रश्नात ‘केव्हा’ही होतो.

आता उरली ती रचना, जी पाहून मराठी वाचकाला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटावं. ‘युओतुआन काह्विन’, कॉफी पिऊन. ‘युओदेस्सान काह्विआ’, कॉफी पिताना. दोन वाक्यं जोडायला अव्ययच लागत नाही. क्रियापदाला नामासारखं करून त्यालाच प्रत्यय लावायचा. आणि प्रत्यय तरी कोणते? ‘पिताना’मध्ये तोच ‘स्सा’, ज्याने जानेवारीत आणि घरात म्हटलं होतं. ‘पिऊन’मध्ये तोच जुना ‘तून’ अर्थाचा ‘आ’, ज्याने ‘घरून’ म्हटलं होतं आणि अर्धं घरही दाखवलं होतं. पिण्याच्या आत असणं म्हणजे पिताना, पिण्यातून बाहेर पडणं म्हणजे पिऊन. कॉफीकडेही लक्ष असू द्या: पिऊन झाल्यावर ती सबंध, पिताना अंशवाचक.

साम्य इथवरच. मराठीत ‘पिऊन’चा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच लागतो, दुसरा आला तर आपण ‘आईने कॉफी प्यायल्यावर बाबा निघाले’ असं म्हणतो. फिनिश तीच रचना ठेवते, आईला षष्ठी देते आणि कर्ता एकच असेल तर शेपटाला ‘माझं’, ‘तुझं’, ‘त्याचं’ असा मालकीचा प्रत्यय जोडते. दुसरा फरक वापराचा. आपलं दोन वर्षांचं पोरही ‘जेऊन झोपतो’ म्हणतं. फिनिशमधलं ‘युओतुआन’ वर्तमानपत्रात, अहवालात, कादंबरीत भेटतं. स्वयंपाकघरात कोणी तसं बोलत नाही. तिथे ‘जेव्हा कॉफी प्यायलो, तेव्हा मग’ असंच चालतं. एस्पो आणि हेलसिंकीत संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा द्यायची असेल, तर ही रचना वाचनाच्या उताऱ्यात ओळखता यायला हवी. शेजाऱ्याशी बोलताना ती वापरली, तर बातम्या वाचल्यासारखं वाटेल.

क्रियापदाला ठिकाणाचे प्रत्यय लावण्याची ही सवय इतकी खोल आहे, की ‘करतो आहे’ला ‘करण्यात आहे’, ‘करायला जातो’ला ‘करण्याच्या आत जातो’ आणि ‘करायचं थांबतो’ला ‘करण्यातून थांबतो’ असंच म्हणतात. एक क्रियापद मात्र बरीच वर्षं या रांगेत बसत नव्हतं: ‘आल्का’, म्हणजे सुरू करणे. त्याच्यापुढे साधं ‘तेह्दॅ’, करणे, हेच शुद्ध. ‘तेकेमॅॅन’, करण्याच्या आत, हे अशुद्ध, असं शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. लोक बोलताना ते सर्रास वापरत होते, मास्तर लाल रेघ मारत होते. 2014 च्या जानेवारीत फिनिश भाषा मंडळाने दोन्ही रूपं प्रमाण भाषेत चालतील असं ठरवलं, आणि देशभर वाद उसळला. आयुष्यभर दुसऱ्यांची ही चूक सुधारत आलेल्यांना तो निर्णय सहजासहजी गिळता आला नाही. जुनं रूप मंडळाने बाद केलेलं नाही, त्यामुळे ज्यांना लाल रेघ मारायची आहे त्यांनी ती निदान स्वतःच्या लेखनावर मारायला हरकत नाही.